सातबारा उघडा आहे, विकाऊ नाही
डेटा गोळा करायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अरे, ही माहिती तर पब्लिकच आहे." मला ते पटत नाही.

महाभूलेखवर जा. पुणे, जुन्नर, पिंपळवंडी निवडा, गट नंबर टाका. खातेदाराचं नाव, क्षेत्र, पीक, इतर हक्कात सोसायटीचा बोजा, सगळं दिसतं. दिसायलाच हवं, जमीन घेणारा फसू नये म्हणून ते उघडं आहे. मतदारयादी उघडी असण्याचं कारण वेगळं, बोगस नावं पकडता यावीत. आता समजा कोणी या दोन याद्या नावावरून जुळवल्या, शेजारी मोबाईल नंबर बसवला आणि 'टोमॅटोवाले, बोजा असलेले, साठीच्या पुढचे' अशी फाइल कर्जाच्या ॲपला विकली. नंबर सोडला तर यातलं काहीच लपलेलं नव्हतं. पण अडलेला माणूस नेमका कोण, हे कुठल्याच यादीत नव्हतं. ते जोडणीतून तयार झालं. हेलन निसेनबाम यांचं म्हणणं हेच: माहिती गुप्त की उघड एवढं विचारून भागत नाही, ती ज्या संदर्भात दिली त्याला धरून पुढे गेली का, ते बघा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथेच कच्चा पडतो. कायद्याने बांधील असलेल्या कोणी जाहीर केलेली माहिती कलम ३ नुसार कक्षेबाहेर. मोबाईल नंबर कुठून आणला हे विचारता येईल; सातबारा आणि मतदारयादी मात्र बहुधा याच दारातून सुटतात. मतदारयादी शोधता येईल अशा स्वरूपात द्या, ही कमलनाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. आयोगाने खासगीपणाचं कारण दिलं होतं. हवी तर स्वतः मेहनत करून तशी करून घ्या, असंही कोर्ट म्हणालं. (ओसीआरला ती मेहनत किती पडते, तुम्हीच सांगा.)

संशोधनाला कलम १७ मध्ये सूट आहे, पण त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेले मानदंड पाळायचे, या अटीवर. आणि 'नावं काढली की झालं' हेही खरं नाही. लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकन बहुधा एकेकटे ओळखता येतील. गावात तर गट नंबर पुरतो.

एथिक्सच्या फॉर्मवर 'सार्वजनिक स्रोत' लिहिताना कोणत्या दोन याद्या जोडल्या, हेही लिहा. तो रकाना बहुतेक नसेलच. वेगळा कागद जोडा.