सत्तर गुण, सत्तर पाने

काही वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वनस्पती-सर्वेक्षणासाठी आम्हाला मदतनीस हवा होता. मुलाखतीला बारावी झालेला एक तरुण आला. "तुझ्याबद्दल सांग," म्हटल्यावर त्याने खाली बघत विचारले, "काय सांगू?" आम्ही हसलो. "काहीही सांग." तो गप्पच राहिला. पाच मिनिटांत आम्ही त्याला नापसंत केले. निवडलेला मुलगा पुढे काम सोडून गेला, म्हणून याला बोलवावे लागले. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा, एवढे त्याला सांगितले. त्याने लगेच विचारले, "झाड उतारावर असेल तर कोणत्या बाजूची जमीन धरायची?" (चढाच्या बाजूची.) आमच्या सूचनापत्रात ते लिहिलेलेच नव्हते आणि आधीच्या कोणीही विचारलेही नव्हते. या तरुणाला एखादे वैद्यकीय नाव चिकटवण्याचा मला अधिकार नाही. पण मोजमापाचे साधन म्हणून आमची मुलाखत कुचकामी होती, हे मात्र कळले.

अशाच दुसऱ्या एका साधनाचे आज परीक्षण करू. भारतीय स्वमग्नता मापनश्रेणी हे त्याचे नाव. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत ती तयार झाली आणि २०१६ मध्ये शासनाने प्रमाणपत्रासाठी मान्य केली. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या नोकरीची वाट हिच्यातून जाऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते.

मापनश्रेणीत ४० विधाने आहेत. प्रत्येकाला 'क्वचित'साठी १ पासून 'नेहमी'साठी ५ पर्यंत गुण. म्हणजे कमीत कमी ४०, जास्तीत जास्त २००. बेरीज ७० च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आता वर्गात हे गणित घालून बघा. एका मुलाला ३० विधानांत प्रत्येकी २ आणि उरलेल्या १० विधानांत प्रत्येकी १ गुण मिळाला. दुसऱ्याला ७ विधानांत ५, एका विधानात ३, बाकी ३२ मध्ये १. दोघांची बेरीज ७०. पहिला सगळीकडेच थोडा वेगळा आहे. दुसऱ्याची अडचण मोजक्या ठिकाणी, पण नेहमीची आहे.  कामाच्या जागी दोघांना लागणारी मदत सर्वस्वी भिन्न, पण कागदावरचा आकडा तोच.

विधाने वाचतानाही थबकायला होते. असाधारण स्मरणशक्ती आणि एखाद्या विषयातले विलक्षण कौशल्य यांचेही गुण बेरजेत मिळवले जातात. निदानासाठी ते योग्य असेल, पण त्यामुळे अक्षमतेची टक्केवारी वाढते. नोकरी देणाऱ्याला फक्त ती टक्केवारी दिसते, स्मरणशक्ती नाही. पहिलेच विधान नजरेला नजर न देण्याबद्दल आहे. साहेबासमोर मान खाली घालणे हा आपल्या खेड्यांतला शिष्टाचार, हे तपासणाऱ्याला ठाऊक असायला हवे. आणखी एक विधान निरर्थक शब्द वापरण्याबद्दल आहे. निरर्थक कोणाला? भामरागडकडचा माडिया बोलणारा मुलगा आणि माडिया न येणारा तपासनीस समोरासमोर बसले, तर उत्तर मुलाच्या मेंदूपेक्षा तपासनिसाच्या शब्दसंग्रहावर ठरेल. आईवडिलांना विचारून हा दोष बराच टाळता येतो. विचारणारा मात्र तसा हवा.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. संवाद दोघांमध्ये घडतो आणि ही श्रेणी एकालाच मोजते. २०२० मध्ये एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. कानगोष्टींच्या खेळासारखी एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. फक्त स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली; मिश्र साखळीत ती जास्त गळाली. २०२५ मध्ये त्यांनीच ३११ जणांवर हा प्रयोग पुन्हा केला. तेव्हा मिश्र साखळीतली जादा गळती दिसली नाही. तिन्ही प्रकारांत लक्षणीय फरक आढळला नाही. पहिला निष्कर्ष अर्धा गेला, म्हणून काहींना वाईट वाटले असेल. मला तो विज्ञानाचा चांगुलपणा वाटतो. आणि दोन्ही वेळा एक गोष्ट टिकली: स्वमग्न माणसांना माहिती पोहोचवता येत नाही, असे दिसले नाही.

मग बदलायचे काय? वरोऱ्याच्या आनंदवनाची परंपरा आपल्या जिल्ह्यातच आहे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही, म्हणून भांड्याला लाकडी मूठ बसवतात. हाताला शिकवत बसत नाहीत. सूचनेलाही अशी मूठ बसवता येते. गडचिरोलीत तेंदूच्या हंगामात फळीवर बघा. "पुडके चांगले बांध" असे सांगून तिथे भागत नाही. पुडके म्हणजे ७० पाने आणि १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, हे ठरलेले असते. शब्दांमागचा अर्थ ओळखावा लागत नाही. आता कित्येक ग्रामसभा स्वतः तेंदू विकतात, म्हणजे त्याही नोकरी देणाऱ्या झाल्या. हिशेबाला माणूस नेमताना त्यांनी मुलाखतीऐवजी अर्धा दिवस पुडकी मोजायला द्यावीत.

प्रमाणपत्राला शिक्षकांनी एक साधा कागद जोडावा. त्यावर टक्के नकोत. 'एका वेळी एकच सूचना, शक्यतो लेखी. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. चक्की सुरू असताना त्याच्याशी बोलू नये. "काय सांगू?" असे तो विचारतो तेव्हा त्याला खरोखरच ते जाणून घ्यायचे असते.' दहा वर्षे मुलाला पाहिलेल्या शिक्षकाला हे लिहायला पंधरा मिनिटे पुरतील. तासाभराच्या तपासणीत ते सापडणे कठीण.

आमच्या सर्वेक्षणाच्या सूचनापत्रात उताराचे वाक्य आता छापलेले आहे, तिसऱ्या ओळीत.