वारसा आणि वारस

गिरणगावातील जुन्या इमारतींविषयी बोलताना ‘वारसा जतन’ हा शब्दप्रयोग आता सर्रास होतो. त्यातून नेमके काय वाचते, हे तपासून पाहायला हवे.

लोअर परळची फिनिक्स मिल घ्या. मॉलच्या गर्दीतून मान वर केली की चिमणी दिसते. ती राखली हे चांगलेच झाले. पण कापड विणले जाई ते खाली, साळखात्यात. गिरण्यांच्या विणकामाच्या शेडवरचे करवतीच्या दातांसारखे छप्पर शोभेसाठी नव्हते. त्याच्या उत्तरेकडच्या काचांतून ऊन न येता सारखा उजेड येई आणि साच्यावर तुटलेला धागा कामगाराच्या नजरेस पडे. गिरणीतले काम समजते ते अशा छपराखाली. मात्र शेड ऐसपैस पसरलेली असते, चिमणीला खोलीएवढी जागा पुरते. काय राखायचे, हे आपल्याकडे इतिहासाने नव्हे, जमिनीच्या भावाने ठरवले, असे माझे म्हणणे आहे.

नियमांचा प्रवास पाहिला की हे स्पष्ट होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून वगळली गेली. आजारी गिरण्यांसाठी पैसा उभा राहावा, कामगारांची देणी फिटावीत, हा त्यामागचा युक्तिवाद. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने विरोधात निकाल दिला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

या तरतुदीचा परिणाम दुहेरी होता. शेड उभी ठेवण्यापेक्षा पाडणे फायद्याचे ठरले, आणि म्हाडाच्या ज्या वाट्यातून गिरणी कामगारांना घरे मिळायची, तो वाटाही आक्रसला. वारसा आणि वारस, दोघेही एकाच दुरुस्तीत बेघर झाले. तरीही इमारतींसाठी झगडणारे आणि घरांसाठी मोर्चे काढणारे यांची भाषा वेगळीच राहिली.

साहित्याने ही फारकत केली नव्हती. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये समोर असते ती चाळीतली खोली, गिरणीची पडझड आपल्याला त्या खोलीतल्या माणसांवरून कळते.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आहे. त्याची कसोटी मी साधी धरीन : तिथे एक तरी साचा फिरता असावा, आणि तो चालवून दाखवणारा कामगार पगारावर असावा.