पॅरिसची बाजू

माझ्या भाचीच्या 'न्यू मून'च्या प्रतीत चार पानं बाकीच्या पानांपेक्षा जास्त मळली आहेत. त्या पानांवर वाचायला म्हणावं तर एकेकच शब्द आहे: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. खाली सगळं कोरं. दहावीच्या सुट्टीत तिनं ते पुस्तक तीनदा वाचलं. मी एकदा चाळायला घेतलं आणि तिथून भरभर पुढं जाऊ लागले, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "मावशी, इथं वाचायचं नसतं. थांबायचं असतं."

स्टेफनी मायरची ही कादंबरी २००६ची. ती 'रोमिओ आणि ज्युलिएट'वर बेतलेली आहे, आणि लेखिकेनं हे लपवलेलं नाही. नायिका बेलाच्या वर्गात हेच नाटक शिकवायला आहे, वाढदिवसाच्या दुपारी ती आणि तिचा प्रियकर एडवर्ड याच नाटकावरचा सिनेमा बघत बसतात. एडवर्ड रक्तपिपासू, १९०१ साली जन्मलेला आणि कायमचा सतरा वर्षांचा. बेला त्या दिवशी अठराची होते. पहिलं प्रकरण उघडतं ते तिच्या स्वप्नानं. उन्हात आजी उभी आहे असं तिला वाटतं आणि मग कळतं की समोर आरसा आहे, त्यातली म्हातारी ती स्वतःच आहे. शेजारी एडवर्ड तसाच, कोवळा. दोन घराण्यांच्या वैराची जागा इथं काळानं घेतली आहे. मला ही या पुनर्कथनातली सर्वांत खोल जागा वाटते.

कारण शेक्सपियरच्या नाटकाचा जीवच घाईत आहे. रविवारी सकाळी सुरू झालेली गोष्ट गुरुवारी पहाटे थडग्यात संपते. ज्युलिएट अजून चौदाचीही नाही. औषधानं तिला बेचाळीस तासांची झोप लागणार असते, आणि रोमिओ त्या बेचाळीस तासांइतकाही थांबत नाही. आता मायरनं काय केलं पाहा. ज्याच्याकडे अनंत काळ आहे अशा माणसाला तिनं रोमिओ केलं. सिनेमा बघताना हा एडवर्ड रोमिओला नावं ठेवतो, की हा माणूस चुकीवर चूक करत जातो, स्वतःचं सुख स्वतःच उधळतो. मला त्याच्याबद्दल धीर धरवत नाही, असा त्याचा सूर. आणि पुढं एका फोनवरच्या अर्धवट वाक्यावरून तोही तेच करतो. बेलाचा मित्र जेकब फोन उचलतो, तिचे वडील अंत्यविधीला गेलेत एवढंच सांगतो. अंत्यविधी असतो त्यांच्या मित्राचा, एडवर्डला वाटतं बेलाचा. नाटकात साथीच्या रोगामुळं पाद्र्याची चिठ्ठी अडकते, इथं फोन लागतो आणि तरीही निरोप पोचत नाही. अमर माणसालाही एक मिनिट थांबून विचारणं जमत नाही. वाचताना अंगावर काटा येतो तो रक्तपिपासूंच्या दातांमुळं नाही, याच्यामुळं.

त्या चार पानांच्या आधीच्या प्रकरणाचं नाव 'शेवट' अशा अर्थाचं आहे, आणि नंतरच्याचं 'जाग'. नाटकात ज्युलिएट जागी होते तेव्हा पडदा पडायला आलेला असतो. इथं एडवर्ड सोडून गेल्यावर बेला पहिल्या चतुर्थांशातच झोपते, आणि उरलेलं पुस्तक म्हणजे तिचं सावकाश, कष्टानं जागं होणं. त्या चार कोऱ्या पानांवरून वाचक सरळ दोन गटांत वाटले गेले. एका मुलानं सोडलं म्हणून चार महिने कोरे? मुलींच्या हाती असलं काय देता? हा राग मला समजतो. मोटारसायकलीवरून पडण्यात, कड्यावरून उडी मारण्यात बेलाला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, आणि लेखिका त्या धोक्याकडे पुरेशा काळजीनं बघत नाही. पण ज्या मुलींनी ती पानं मळवली, त्यांनी त्यात प्रियकर शोधला नव्हता. सारखं बोलणाऱ्या मुलीचं बोलणं अचानक बंद होतं, घरातल्यांना कारण कळत नाही, शाळेत नाव पुकारलं की ती हजेरी देते आणि बस्स. हे त्यांनी ओळखलं होतं. भाचीच्या बाबतीत मला ते उशिरा उमजलं.

आणि मग पॅरिस. नाटकात हा सरदार आईबापांनी ठरवलेला नवरा आहे. थडग्यापाशी रोमिओच्या हातून मरतो आणि मला ज्युलिएटशेजारी ठेव एवढं मागतो. चारशे वर्षांत त्याच्यासाठी कुणी हळहळल्याचं फारसं ऐकिवात नाही. मायरनं एका प्रकरणाला त्याचं नाव दिलं. बेला जेकबजवळ आहे, आणि तिच्या मनात येतं, की पॅरिस जर ज्युलिएटचा मित्र असता तर? रोमिओ खरंच निघून गेला असता आणि मागं राहिलेल्या तिला याच मुलानं हात देऊन उभं केलं असतं तर? हा प्रश्न लेखिकेचा नाही, वाचकाचा आहे. नाटक वाचून झाल्यावर उशीवर डोकं टेकताना पडतो तसा. म्हणूनच वाचक त्यावर तुटून पडले. जगभर मुलामुलींनी एडवर्डची बाजू, जेकबची बाजू असे तट पाडले, तशा छापाचे शर्ट घातले. मोठ्यांना ते पोरकट वाटलं. मला मात्र वाटतं, शेक्सपियरच्या एका उपेक्षित पात्राला एवढा मोठा पक्ष पहिल्यांदाच मिळाला. (जेकबच्या क्विल्यूट जमातीच्या खऱ्या दंतकथांवर लेखिकेनं लांडग्यांचं कलम केलं, ला पुशच्या त्या लोकांच्या वतीनं वाचकांनी घेतलेली हरकत मला पूर्ण मान्य आहे.)

कादंबरीतल्या, इटलीतल्या व्होल्तेराच्या चौकातल्या प्रसंगाकडे मी पुनःपुन्हा जाते. दुपारचे बारा वाजताहेत, उत्सवाची गर्दी लाल झग्यांत, बेला कारंज्याच्या पाण्यातून धावत सुटली आहे. एडवर्ड डोळे मिटून उन्हात पाऊल टाकणार, म्हणजे मरण ओढवून घेणार. ती त्याला जाऊन धडकते. त्याला वाटतं आपण मेलोच, आणि तो थडग्यातल्या रोमिओचे शब्द उच्चारतो. या शब्दांना नाटकात उत्तर नाही, कारण ऐकणारी झोपेत असते. इथं ती जागी आहे, धापा टाकते आहे, मागं सावलीत हो म्हणून ओरडते आहे.

ती वेळेत जागी व्हावी, ही इच्छा फार जुनी आहे. शेक्सपियरच्या आधीच्या इटालियन कथांत रोमिओ मरण्याआधी ज्युलिएट डोळे उघडते, दोघं बोलतात. १७४८मध्ये डेव्हिड गॅरिकनं तो संवाद रंगभूमीवर परत आणला. त्याही आधी, सतराव्या शतकात, लंडनमध्ये एका नाटककारानं दोघांना जिवंत ठेवणारा प्रयोग बेतला होता. एक दिवस मरणाचा, एक दिवस जगण्याचा, असे आलटून-पालटून खेळ व्हायचे. बेलाच्या फोर्क्स गावातल्या या पावसाळी गोष्टीवर जीव टाकणाऱ्या मुली त्याच प्रेक्षकांच्या रांगेत बसल्या होत्या.

तिसऱ्या वाचनानंतर भाचीनं माझ्या कपाटातून मंगेश पाडगावकरांनी केलेला 'रोमिओ आणि ज्युलिएट'चा अनुवाद काढला. दोन दिवसांत संपवला. शेवटी दोन्ही बाप वैर विसरतात, एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायचं कबूल करतात. ती पुस्तक मिटेना. बोट त्या पानात घालून बसली होती.

"मावशी," ती म्हणाली, "पॅरिसचा पुतळा कुठंय?"