झोपेची चाचणी घरी: रुग्णाची पसंती कुठे धरायची, कुठे नाही

झोपेत श्वास अडकतो का, हे पाहण्याची चाचणी दवाखान्यात रात्र काढून करावी की घरच्या पलंगावर? हा प्रश्न वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी रुग्णांनाच विचारला आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच आलं: घरी. इथपर्यंत कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण या उत्तरावरून पुष्कळदा थेट पुढचा निष्कर्ष काढला जातो, की रुग्णांना घरची चाचणी आवडते, म्हणून तीच चांगली. या दोन वाक्यांच्या मधली एक पायरी गाळलेली आहे. आमचा आक्षेप त्या गाळलेल्या पायरीला आहे, घरच्या चाचणीला नाही.

काय मोजतात?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत त्यामुळे श्वासाची वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते. श्वास किमान 10 सेकंद थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास थांबला नाही, पण बराच उथळ झाला, तर हायपॉप्निया. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, वाट मोकळी होते आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. उरते ती दिवसा येणारी पेंग, आणि पुढे रक्तदाबासारखे त्रास. असे प्रसंग तासाला किती आले, यावर आजाराची पायरी ठरते. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र.

प्रयोगशाळेतल्या चाचणीला पॉलीसोम्नोग्राफी म्हणतात. तीत डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर, छातीवर आणि पायांवर तारा चिकटवतात. मेंदूच्या लहरी नोंदल्या जात असल्यामुळे माणूस नेमका कधी झोपला आणि कधी जागा होता, हे कळतं. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ बसलेला असतो; एखादी तार निघाली की तो येऊन लावतो. घरच्या चाचणीत साधारणपणे नाकाजवळ एक नळी, छाती-पोटावर पट्टे आणि बोटाला ऑक्सिमीटर एवढंच असतं. मेंदूच्या लहरी बहुधा नसतात. काही नवी उपकरणं नाडीतल्या बदलांवरून झोपेचा अंदाज बांधतात, पण तो अंदाजच.

मुंबईतलं काम

आपल्याकडे घरच्या चाचणीचा मोठा उपयोग 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत झाला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या 658 पुरुषांकडून झोपेविषयीची प्रश्नावली भरून घेतली. त्यांतल्या 250 जणांची रात्रभराची चाचणी घरी केली. तासाला 5 किंवा अधिक प्रसंग येणाऱ्यांचं प्रमाण 19.5 टक्के निघालं. त्याच्या जोडीला दिवसा पेंगही येते, असे 7.5 टक्के. त्याआधी 1993 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत पुरुषांमध्ये हे आकडे 24 आणि 4 टक्के, तर स्त्रियांमध्ये 9 आणि 2 टक्के आले होते.

मुंबईच्या कामाचं मोल मोठं आहे. धडधाकट वाटणारे अडीचशे पुरुष प्रयोगशाळेत रात्र काढायला सहजी तयार झाले नसते. यंत्र घरी नेता आलं म्हणून ही मोजणी शक्य झाली. तरीही दोन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. एक, हे सगळे नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी एका खासगी रुग्णालयात आलेले पुरुष होते. त्यात स्त्रिया नव्हत्या, ग्रामीण माणूस नव्हता. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. लोकसंख्येत आजार किती, हे मोजताना एखाददुसऱ्याची नोंद इकडेतिकडे झाली तरी एकूण चित्र फारसं बिघडत नाही. पण समोर बसलेल्या एका माणसाला ‘तुम्हाला आजार नाही’ असं सांगायचं असेल, तेव्हा तो एखाददुसरा म्हणजे तोच माणूस असतो.

भागाकारातला छेद

आता एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एकाने रात्री यंत्र लावलं आणि 8 तासांनी काढलं. प्रत्यक्षात तो 5 तासच झोपला. श्वास अडकण्याचे प्रसंग आले 80. प्रयोगशाळेला झोपेचे तास माहीत आहेत, म्हणून ती 80 ला 5 ने भागते. उत्तर 16, म्हणजे मध्यम आजार. घरच्या यंत्राला फक्त नोंदीचे तास ठाऊक आहेत. ते 80 ला 8 ने भागतं. उत्तर 10, म्हणजे सौम्य. अंश तोच, छेद बदलला आणि माणसाची पायरीच बदलली. शिवाय काही प्रसंगांत ऑक्सिजन फारसा उतरत नाही, पण मेंदू मात्र जागा होतो. मेंदूच्या लहरीच नोंदल्या नाहीत तर असे प्रसंग मोजणीतून सुटतात. म्हणजे घरच्या चाचणीच्या या दोन्ही चुका एकाच दिशेने, आकडा कमी दाखवण्याच्या दिशेने जातात.

म्हणूनच अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की लक्षणांवरून आजाराची दाट शंका असेल आणि घरच्या चाचणीत काही सापडलं नाही, तर प्रयोगशाळेतली चाचणी करावी. घरच्या चाचणीचा होकार बराच भरवशाचा असतो. तिच्या नकारापाशी मात्र थांबता येत नाही. आणि रुग्णाला सर्वांत समाधान देतो तो नेमका हा नकार. चाचणी घरी झाली, खर्च कमी आला, वर आजारही नाही! असा माणूस उद्या रात्रीच्या एस.टी.च्या चाकामागे बसणार असेल, तर त्याचं समाधान आपण कोणत्या रकान्यात लिहायचं?

प्रयोगशाळाही निर्दोष नाही

याचा अर्थ प्रयोगशाळेतली रात्र म्हणजे अंतिम सत्य, असा नाही. अ‍ॅग्न्यू, वेब आणि विल्यम्स यांनी 1966 मध्येच दाखवून दिलं, की प्रयोगशाळेतल्या पहिल्या रात्रीची झोप नेहमीसारखी नसते. 2016 मध्ये तामाकी, सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही. जणू पहाऱ्यावर असतो. तेव्हा ‘तिथे झोपच लागली नाही’ असं रुग्ण म्हणतो, ती किरकोळ कुरकुर नसते. मोजमापाविषयीची ती उपयुक्त माहिती असते.

इथेच रुग्णाच्या मताची खरी जागा दिसते. चाचणी चालू असताना रुग्ण झोपलेला असतो. आपला श्वास किती वेळा अडकला, याचा तो साक्षीदार होऊ शकत नाही. पण झोप नेहमीसारखी लागली का, नळी निघाली का, यंत्र लावायचं नीट समजलं का, याचा उत्तम साक्षीदार तोच.

धरमपेठेतली मतं

धरमपेठ-गोकुळपेठ परिसरातल्या, घरी चाचणी करून घेतलेल्या काही परिचितांशी आम्ही बोललो. ही पाहणी नव्हे. चार-पाच जणांच्या बोलण्यावरून टक्केवारी काढायची नसते. पण त्यांच्या बोलण्यातून पाहणीत विचारण्याजोगे प्रश्न मिळाले. ‘आपल्या घरी बरं वाटते जी,’ हे सगळ्यांचंच मत. त्याची कारणं मात्र वेगवेगळी होती. एकांना रजा घ्यायची नव्हती. एक बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सोडून रात्रभर बाहेर राहूच शकत नव्हत्या. त्यांच्यापुढे घरची चाचणी किंवा कोणतीच नाही, एवढेच दोन पर्याय होते. याला आवड म्हणायचं की अडचण? एकांनी नळी निघेल या धास्तीने रात्रभर कूसच बदलली नाही. उताणं झोपल्यावर पुष्कळांचा श्वास जास्त अडकतो, म्हणजे इथे आकडा उलट वाढलाही असेल. आणखी एकांची चाचणी मे महिन्यातली. घामाने चिकटपट्टी सुटली आणि कूलरच्या आवाजात घोरण्याची नोंद वेगळी निघेना. ही अडचण नागपूरच्या बाहेर कुणाला सुचली असती की नाही, कोण जाणे.

यंत्रांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. 2020 मध्ये अमेरिकेत असं आढळलं, की ऑक्सिमीटर ऑक्सिजन ठीक दाखवत असताना तो प्रत्यक्षात उतरलेला असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट होतं. सावळ्या कातडीच्या आपल्या देशात हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग काय विचारायचं?

आवडीनिवडीच्या पाहण्यांवर आमचे आक्षेप थोडक्यात असे. ज्यांनी एकच प्रकार अनुभवला, त्यांना तुलना विचारून उपयोग नाही. दोन्ही प्रकार अनुभवले असतील, तर आधी कोणता झाला हे पाहायला हवं. यंत्र देणारा माणूसच मत विचारत असेल, तर आपल्याकडे भिडेखातर चांगलंच सांगितलं जातं. आणि ज्यांना घरी जागाच नाही, एका खोलीत सहा जण झोपतात, ते या पाहण्यांपर्यंत पोचतच नाहीत.

याहून चांगला प्रश्न 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने विचारला. 7 केंद्रांतल्या 373 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाचं निदान आणि उपचाराची सुरुवात घरी, दुसऱ्याची प्रयोगशाळेत. तीन महिन्यांनी कोण उपचाराचं यंत्र नीट वापरतं, हे पाहिलं. घरचा गट मागे पडला नाही. घरच्या चाचणीच्या बाजूने हा खरा पुरावा आहे. मात्र हे रुग्ण मध्यम ते तीव्र आजाराची दाट शक्यता असलेले, निवडून घेतलेले होते आणि त्यांच्यामागे तज्ज्ञ उभे होते, हे विसरता येत नाही.

शिक्षकांना हे वर्गात करून पाहता येईल. वर्गाचे दोन भाग करा. एका भागाला विचारा, ‘परीक्षा घरी दिलेली आवडेल का?’ दुसऱ्याला विचारा, ‘घरी दिलेल्या परीक्षेचे गुण खरे मानावेत का?’ दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. आवड आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या राशी आहेत, हे मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

आणखी एक. घरची चाचणी प्रौढांसाठी आहे. मुलांसाठी ती सुचवू नये, असं त्याच अकादमीने 2017 मध्ये म्हटलं आहे. वर्गात पेंगणारं किंवा सतत चुळबुळणारं मूल रात्री जोरात घोरतं का, हे एकदा पालकांना विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर यंत्राच्या शोधात जाण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांगा.