'प्रत्येकाने पाहावेत असे चित्रपट' : यादी, प्रेक्षक आणि एक रिकामी जागा

१

'आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने पाहावेत असे चित्रपट' ह्या शीर्षकाखालील लेखन मराठी वाचकाच्या चांगलेच परिचयाचे आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, रसास्वाद वर्गांची टिपणे आणि विद्यापीठांतील 'साहित्य आणि चित्रपट' यांसारख्या अभ्यासपत्रिका अशा नाना ठिकाणी ते थोड्याफार फरकाने भेटते. समीक्षेच्या प्रकारांत यादीला फारशी प्रतिष्ठा नाही. तिच्यात विश्लेषण नसते, युक्तिवाद नसतो, असते ती केवळ नावांची माळ. त्यामुळे गंभीर समीक्षक तिची दखल घेत नाही. परंतु परिणामाच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. वर्गात कोणता चित्रपट दाखवला जाईल, कोणत्या चित्रपटावर प्रबंध लिहिले जातील आणि कोणत्या जुन्या प्रतीचे जतन आधी होईल ह्या गोष्टी प्रदीर्घ लेखांपेक्षा याद्याच अधिक ठरवीत असतात. जिचा परिणाम इतका दूरगामी आहे ती कृती तपासणीतून सुटता कामा नये.

प्रस्तुत लेखात ह्या शीर्षकाची तपासणी त्याच्या व्याकरणापासूनच करावयाची आहे. त्यात तीन घटक आहेत. 'पाहावेत' हे विध्यर्थी क्रियापद मूल्याचा दावा करते. 'प्रत्येकाने' हा कर्ता प्रेक्षकाविषयी एक गृहीत मांडतो. तिसरा घटक शीर्षकात उच्चारला जात नाही, पण त्यावाचून वाक्याला अर्थ राहत नाही : हे चित्रपट पाहता येतात, म्हणजे ते कोठेतरी अस्तित्वात आहेत आणि आपल्यापर्यंत पोहोचू शकतात.

२

प्रथम मूल्याचा दावा. अशा याद्यांतील सर्वांत प्रतिष्ठित यादी म्हणजे 'साइट अँड साउंड' ह्या ब्रिटिश नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी घेतलेला समीक्षकांचा कौल. १९५२ साली त्यात अग्रस्थानी होता डी सिकांचा 'बायसिकल थीव्ज', म्हणजे प्रदर्शित होऊन जेमतेम चार वर्षे झालेला चित्रपट. १९६२ पासून २००२ पर्यंतच्या पाच कौलांत 'सिटिझन केन' अढळ राहिला. २०१२ साली हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याची जागा घेतली, आणि २०२२ साली शांताल आकेरमान ह्या दिग्दर्शिकेचा 'जान दिलमान' एकदम पहिल्या क्रमांकावर आला. स्वयंपाकघरातील बटाटे सोलण्याचा काळ त्या काळाच्याच लांबीने दाखविणारा हा चित्रपट १९७५ सालचा आहे. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांत त्यात एक चौकटही बदललेली नाही. मत देणारे मात्र बदलले, त्यांची संख्या वाढली आणि त्यांत स्त्रियांचे व इतर खंडांतील समीक्षकांचे प्रमाणही वाढले.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मूल्य ही केवळ बहुमताची बाब आहे. तो घाईचा ठरेल. कौल बदलला म्हणून 'सिटिझन केन' निकृष्ट झाला नाही. बदलली ती प्रश्नावली. चित्रपटाकडून आपण काय अपेक्षितो, कोणता काळ पडद्यावर येण्याच्या योग्यतेचा मानतो, ह्या प्रश्नांची उत्तरे बदलली की यादी बदलते. म्हणजेच यादी चित्रपटांविषयी जितके सांगते तितकेच ती यादीकारांच्या अभिरुचीच्या चौकटीविषयीही सांगते. २०२२ च्या पहिल्या शंभरांत भारतातला एकच चित्रपट आहे, 'पथेर पांचाली' (१९५५). मराठी एकही नाही. ह्याबद्दल नुसती खंत करण्यात अर्थ नाही. आपण आपली स्वतंत्र यादी केली तर तिच्यात असाच अन्याय दुसऱ्या कोणावर तरी होतो आहे काय, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

३

हा प्रश्न 'प्रत्येकाने' ह्या कर्त्यापाशी येऊन पोहोचतो. हा प्रत्येक कोण? पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायटीच्या सभासदाला तो कोण हे विचारावे लागत नाही, कारण तो स्वतःच असतो. पण हे शीर्षक अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा गावात बसून वाचले तर त्याचा अर्थ जरा निराळा लागतो. सुपा पुणे-नगर महामार्गावर आहे. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, आणि ते ह्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरीही अवर्षणग्रस्त पारनेरच्या कित्येक पिढ्यांना हे अंतर ओलांडता आले नाही. ग्रामीण महाराष्ट्रात सिनेमा बहुधा मालमोटारीत बसून, जत्रांच्या पंचांगाप्रमाणे, तंबूतून आला. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) ह्या माहितीपटाने ह्या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या पर्वाची नोंद केली आहे. तंबूतील प्रेक्षकाने चित्रपट निवडला नाही. जो आला तो पाहिला. त्याची अभिरुची यादीने घडविलेली नाही, ती जत्रेने घडविली आहे.

आज हातातल्या मोबाइलमुळे हे अंतर मिटले असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. चित्रपट उपलब्ध होणे वेगळे आणि तो वाचण्याची रीत उपलब्ध होणे वेगळे. ही दुसरी गोष्ट आजही शहरांतच एकवटलेली आहे. मात्र येथेच नगर जिल्ह्याचे एक उदाहरण लक्षात घ्यावयास हवे. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपट नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयातील संज्ञापन अभ्यासाच्या काळात तयार झाला. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक महाविद्यालय चित्रभाषेचे शिक्षण देऊ लागले, तेव्हा तेथून यादीचा वाचक तर निर्माण झालाच, पण यादीच बदलून टाकणारा दिग्दर्शकही निर्माण झाला.

४

तर मग यादी करूच नये काय? करावी. शिक्षकाला ती टाळताच येत नाही, कारण सत्राचे तास मोजके असतात. परंतु क्रमवारीऐवजी जोड्यांची यादी करावी असे येथे सुचवावेसे वाटते. एकट्याने उभा केलेला चित्रपट लवकरच पूजास्थानी जातो. दुसऱ्या चित्रपटाशेजारी ठेवला की तो बोलू लागतो. विस्तारभयास्तव तीनच जोड्या पाहू.

पहिली जोडी 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) यांची. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ला १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात विशेष उल्लेखाचा मान मिळाला, आणि तेव्हापासून तो प्रत्येक यादीत आहे. गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी त्याचे सखोल विवेचनही केले आहे. त्यातील चमत्कारांची दृश्ये आज भाबडी वाटली, तरी पागनीसांच्या तुकारामासमोर गौरी यांनी उभी केलेली आवली अद्याप जिवंत आहे. भक्तीच्या उंचीला भाकरीचा प्रश्न विचारण्याचे काम ती करते. शांताराम आठवले यांनी ह्या चित्रपटासाठी रचलेले एक पद पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले, ही घटनाही अर्थपूर्ण आहे : चित्रपटाने परंपरा दाखविली, इतकेच नव्हे तर तिच्यात भरही घातली. त्याशेजारी अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' ठेवावा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चाललेला हा तमाशापट अभिजनांच्या याद्यांत क्वचितच येतो. कीर्तन आणि तमाशा ही मराठी समाजाची दोन सादरीकरणे. पहिले यादीत यावे आणि दुसरे केवळ गल्ल्याच्या हिशेबात उरावे, ही विभागणी सौंदर्यशास्त्राने केलेली नाही. ती आपल्या सामाजिक संकोचाने केलेली आहे.

दुसरी जोडी 'श्यामची आई' (१९५३) आणि 'फॅन्ड्री' (२०१३) यांची. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी केलेल्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. 'फॅन्ड्री'ची कथा नगरजवळच्या अकोळनेरमध्ये घडते. दोन्हींच्या केंद्रस्थानी शाळकरी मुलगा, दारिद्र्य आणि लाज. श्यामच्या गोष्टीत लाजेचे रूपांतर संस्कारात होते, कारण तेथे आई ही नैतिक सत्ता आहे आणि सांगणारा श्याम मोठा होऊन भूतकाळाकडे पाहतो आहे. मूळ पुस्तकाचा घाटच आठवणींच्या कथनाचा आहे, आणि आठवण सांगण्यासाठी सांगणाऱ्याला सुरक्षित वर्तमानकाळ लागतो. जब्याला असा वर्तमानकाळ नाही. त्याच्या आईबापांचे कामच, गावातील डुकरे पकडण्याचे, वर्गमित्रांच्या हसण्याचा विषय आहे. ह्या लाजेचे संस्कारात रूपांतर कसे होणार? शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच डुकरामागे धावणारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते, आणि पुढे पकडलेले डुक्कर घेऊन ते ज्या भिंतीवरून जाते तिच्यावर समाजसुधारकांची चित्रे आहेत. कोणीही निवेदक येथे मध्यस्थी करीत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. श्यामचा प्रेक्षक श्यामबरोबर रडतो. जब्याचा प्रेक्षक जब्याच्या निशाण्यावर असतो. ह्या दोहोंपैकी एकच चित्रपट यादीत ठेवला तर बालपणाचे एकच रूप प्रमाण ठरते, आणि ते प्रमाण कोणाच्या घरचे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

तिसरी जोडी 'सामना' (१९७४) आणि 'कोर्ट' (२०१४) यांची. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' साखरेच्या राजकारणाचा आहे. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथील वाचकाला हे राजकारण समजावून सांगावे लागत नाही. त्यात एक मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाविषयी पुन्हा पुन्हा विचारीत राहतो. चाळीस वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे हा शाहीर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. आडनाव तेच राहिले, सत्तेची रीत बदलली. 'सामना'त गुन्हा दडलेला आहे आणि विवेकाने प्रश्न विचारल्यास तो उघड होईल असा विश्वास आहे. म्हणून कॅमेरा लागू आणि निळू फुले यांच्या चेहऱ्यांवर खिळतो, संवादांतून नाट्य घडते. 'कोर्ट'मध्ये काहीच दडलेले नाही. सारे काही रीतसर वाचून दाखविले जाते, तारखा पडतात, आणि ही रीतच शिक्षा बनते. म्हणून कॅमेरा दूर, स्थिर राहतो. कोणाचाही चेहरा खलनायकाचा नाही. एका चित्रपटात व्यक्ती दोषी आहे, दुसऱ्यात दिनक्रम. हा फरक आशयाचा आहे तितकाच रूपबंधाचा आहे, आणि तो दोन्ही चित्रपट शेजारी ठेवल्याखेरीज नीटसा दिसत नाही.

५

आता तिसरा, अनुच्चारित घटक. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकी कमीअधिक अवस्थेत शिल्लक आहेत ते तीसच्या आसपास. गेलेल्यांत बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) आहे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या ह्या चित्रपटात सावकाराकडे जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख इतिहासग्रंथ करतात. हा उल्लेख पाहणाऱ्यांच्या आठवणींवर उभा आहे. पडताळा घ्यावा असा चित्रपट आपल्यापाशी नाही. पेंटरांनी पुढे १९३६ साली त्याच विषयावर बोलपट केला, पण त्याने मूळ मूकपटाची भरपाई होत नाही.

ह्या भूमीला तो विषय परका नाही. १८७५ च्या मे महिन्यात दख्खनच्या दंग्यांना ज्या सुप्यात तोंड फुटले ते पुणे जिल्ह्यातील सुपे. पारनेरचे सुपा वेगळे. पण ते लोण लवकरच पारनेर, श्रीगोंदा, कर्जत ह्या नगरच्या तालुक्यांत पोहोचले. शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांकडील कर्जरोखे हस्तगत करून जाळले. कागद नष्ट झाला की बंधन नष्ट होते, अशी त्यांची धारणा होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यामागे ह्या उठावाची पार्श्वभूमी आहे. त्यानंतर अर्धशतकाने त्या पाशावर निघालेला चित्रपटही नष्ट व्हावा, हा योगायोग विलक्षण आहे. रोखे जाळले गेले ते उद्देशाने. रिळे गेली ती अनास्थेने. पहिल्या नाशाचा तपशील सरकारी चौकशी आयोगाच्या अहवालात मिळतो. दुसऱ्याची साधी नोंदही कोणी ठेवली नाही.

म्हणून प्रत्येकाने पाहाव्यात अशा चित्रपटांच्या मराठी यादीत 'सावकारी पाश'चे नाव असावे, आणि त्यापुढे 'उपलब्ध नाही' असा शेरा असावा. ही भावविवशता नव्हे. उपलब्धाला श्रेष्ठ समजण्याची यादीची जी अंगभूत सवय आहे तिला त्या शेऱ्याने पायबंद बसतो. जे उरले ते उत्तम म्हणून उरले असे नाही. कोणीतरी जपले म्हणून उरले. रिकामी जागा दाखविणारी यादी विद्यार्थ्याला जतनाच्या प्रश्नापर्यंत नेते, आणि हा प्रश्न चित्रपटसमीक्षेच्या बाहेरचा मानता येत नाही.

६

ह्या विवेचनातून अभ्यासक्रमासाठी तीन सूचना निघतात. चित्रपट एकेकटे न नेमता जोडीने नेमावेत. जोडीतील एक तरी चित्रपट असा असावा की जो विद्यार्थ्याच्या घरच्यांनी तंबूत, एसटी स्थानकाजवळच्या चित्रपटगृहात किंवा दूरदर्शनवर पाहिलेला असेल, म्हणजे त्यांच्या पाहण्याचा अनुभव हाही अभ्यासाचे साधन ठरेल. आणि प्रत्येक यादीत एक गमावलेली कृती नोंदविलेली असावी.

ह्यावर असा आक्षेप येईल की मग श्रेष्ठ-कनिष्ठ असा निवाडाच उरणार नाही. तसे होत नाही. 'श्यामची आई' आणि 'फॅन्ड्री' शेजारी ठेवून झाल्यावर कोणीही विद्यार्थी स्वतःचा निवाडा करील, करावाही. मात्र तो निवाडा कारणांसह असेल आणि ज्याच्या विरुद्ध तो दिला तो चित्रपट त्याने पाहिलेला असेल. यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ आज नेमक्या ह्याच दोन गोष्टी नसतात.