मार्तोराना चर्च, पालेर्मो : ‘बायझंटाईन शैली’ कशी वाचावी?

प्रास्ताविक

एखाद्या वास्तूला ‘बायझंटाईन शैलीची’ म्हटले की आपण नकळत तिला कॉन्स्टँटिनोपलची नक्कल मानतो. सिसिली बेटावरील पालेर्मो शहरातील सांता मारिया देल्ल’अम्मिराल्यो, म्हणजेच ‘मार्तोराना’ हे चर्च पाहिले तर हा समज अपुरा ठरतो. येथे शैली उसनी घेतलेली आहे, पण ती निवडून घेतलेली आहे. ही निवड कोणी आणि कशासाठी केली, हे प्रस्तुत पाठात पाहू.

पार्श्वभूमी

सिसिलीवर आधी बायझंटाईन, मग अरब आणि त्यानंतर नॉर्मन सत्ता आली. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात ग्रीक, अरबी व लॅटिन या तिन्ही भाषांत कारभार चाले. त्याचा मुख्य मंत्री व नौदलप्रमुख अँटिऑकचा जॉर्ज हा ग्रीक पंथाचा ख्रिस्ती होता. रॉजरकडे येण्यापूर्वी त्याने उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम झिरी राजांची चाकरी केली होती. त्यानेच हे चर्च उभारले. त्याला दिलेल्या देणगीचे पत्र 1143 सालचे आहे. पंधराव्या शतकात चर्च शेजारच्या मठाकडे गेले आणि त्या मठाच्या संस्थापिकेच्या घराण्यावरून त्याला ‘मार्तोराना’ हे नाव पडले.

वास्तू आणि मोझेक

मूळ आराखडा अस्सल बायझंटाईन आहे : चौरसात बसवलेला क्रूस, चार खांब आणि मध्यभागी घुमट. घुमटात सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, त्याच्याभोवती वाकलेले चार प्रमुख देवदूत, त्याखाली आठ संदेष्टे आणि कोपऱ्यांत चार शुभवर्तमानकार. वरून खाली येताना स्वर्गाकडून पृथ्वीकडे उतरणारा क्रम तुमच्या लक्षात येईल.

आता बारकाईने पाहा. कमानी टोकदार आहेत. चौरसावर घुमट बसवण्यासाठी कोपऱ्यांत ज्या छोट्या कमानी घातल्या आहेत, त्यांची घडण इस्लामी वास्तुपरंपरेला जवळची आहे. घुमटाच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीवर ग्रीक पंथाच्या उपासनेतील वचने आहेत, पण ती अरबी भाषेत लिहिलेली! 1184 मध्ये स्पेनहून आलेला मुस्लिम प्रवासी इब्न जुबैर हे चर्च पाहून थक्क झाला होता.

दोन चित्रे, एक विधान

या चर्चचे खरे मर्म दोन मोझेकचित्रांत आहे. पहिल्यात ख्रिस्त स्वतः रॉजरच्या मस्तकावर मुकुट ठेवतो. राजाचा पोशाख बायझंटाईन सम्राटाचा आहे आणि चेहरा ख्रिस्ताच्या चेहऱ्याशी मिळताजुळता आहे. येथे स्वतःला विचारा : चित्रात पोप कुठे आहे? 1130 मध्ये रॉजरला राजपद मिळाले ते दुसरा अनाक्लेटस याच्या मान्यतेने, आणि त्याला रोमन चर्च प्रतिपोप मानते. पोप दुसरा इनोसंट याने मान्यता दिली ती 1139 मध्ये, रॉजरच्या सैन्याने त्याला कैद केल्यानंतर. अशा राजाला ‘मुकुट थेट ख्रिस्ताकडून मिळाला’ हे सांगणारे चित्र किती सोयीचे होते, हे वेगळे सांगायला नको. पण शीर्षलेख वाचा : लिपी ग्रीक, शब्द मात्र लॅटिन ‘रेक्स’, म्हणजे राजा. सम्राटाची ‘बासिलेउस’ ही ग्रीक पदवी येथे नाही. पोशाखात जो दावा आहे तो शब्दांत केलेला नाही.

दुसऱ्या चित्रात जॉर्ज मेरीच्या पायांशी लोटांगण घालतो आणि मेरी त्याच्यासाठी ख्रिस्ताकडे रदबदली करते. राजा उभा आहे, मंत्री जमिनीवर आहे. राजाला मध्यस्थ लागत नाही, मंत्र्याला लागतो. दोन्ही चित्रे मिळून सत्तेची उतरंड दाखवतात.

टीकात्मक सावधगिरी

जॉर्जचे शरीर कासवासारखे दिसते. त्यातून ‘अतिशय नम्रता’ असा अर्थ काढण्याचा मोह होतो. परंतु तो भाग खराब होऊन नंतर दुरुस्त केलेला आहे. मूळ कलावंताने काढलेली आकृती आज आपल्यासमोर नाही. ही दोन्ही चित्रेही मूळ जागेवरून हलवलेली आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिमेकडचा दर्शनी भाग आणि पूर्वेचा मुख्य अर्धगोल पाडून बरोक शैलीतील बांधकाम झाले. म्हणून अर्थ लावण्यापूर्वी ‘मी जे पाहतो आहे ते कोणत्या काळातले?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

समारोप

मार्तोरानामध्ये ग्रीक चित्रभाषा, अरबी अक्षरे आणि लॅटिन राजपद एकत्र आले, ते केवळ सौहार्दापोटी नव्हे. नव्या राजाला जुन्या प्रतिष्ठेची गरज होती आणि ती प्रतिष्ठा कोणत्या रूपात दाखवायची हे त्याच्या मंत्र्याला नेमके ठाऊक होते. शैलीचे नाव सांगता आले म्हणजे अभ्यास संपत नाही. ती शैली तेथे कोणाच्या कामी आली, हे सांगता आले पाहिजे.

स्वाध्याय : रॉजरच्या चित्रातील पोशाख आणि शीर्षलेख यांतील विसंगती तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.