रहस्य, उत्कंठा आणि जाणता प्रेक्षक

मराठीत आपण ज्याला 'रहस्यपट' म्हणतो त्या चित्रपटप्रकाराच्या नावातच एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. रहस्य हे या प्रकाराचे केंद्र आणि त्याचा उलगडा ही त्याची परिणती, असे हे नाव गृहीत धरते. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकवर्गाला हे गृहीतक स्वाभाविक वाटावे, यात नवल नाही. परंतु ते मान्य केले की एक अडचणीचा निष्कर्ष टाळता येत नाही. रहस्य एकदा कळले की ते रहस्य राहत नाही. म्हणून रहस्यपट हा एकदाच पाहण्याचा चित्रपट ठरतो. आणि ज्याचे रहस्य सर्वतोमुखी झाले आहे असा जुना रहस्यपट तर पाहण्यापूर्वीच संपलेला असतो. अभिजात रहस्यपट आजच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने टिकून आहेत काय, हा प्रश्न बहुधा याच गृहीतकाच्या आधारे विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः आल्फ्रेड हिचकॉकच्या काही चित्रपटांच्या संदर्भात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाला तो वर्गातील एक अनुभव. कथनमीमांसेच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 'सायको' (१९६०) दाखविला. स्नानगृहातील हत्येचा सुप्रसिद्ध प्रसंग सुरू झाला आणि बर्नार्ड हरमनच्या तंतुवाद्यांचा कर्कश स्वर उमटताच वर्गात हशा पिकला. त्या स्वराची विडंबने विद्यार्थ्यांनी लहानपणापासून ऐकली होती; मूळ प्रसंग त्यांना त्या विडंबनांची नक्कल वाटला. 'हे आता जुने झाले' हा त्यांचा अभिप्राय नाकारण्याचे कारण नव्हते. मात्र थोड्याच वेळाने नॉर्मन बेट्स मृतदेह ठेवलेली मोटार दलदलीत ढकलतो, ती अर्धीअधिक बुडते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी वर्ग शांत झाला. मोटार पुन्हा खाली जाऊ लागली तेव्हा अनेकांनी सोडलेला निःश्वास स्पष्ट ऐकू आला. नंतरच्या चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले, "ती मोटार बुडावी असे मला का वाटले? मारली गेली ती तर माझी नायिका होती." या लेखातील सारा विचार या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

एकाच चित्रपटातील, काही मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या या दोन प्रसंगांची आजची अवस्था इतकी भिन्न का असावी? पहिला प्रसंग धक्क्यावर उभा आहे. जॅनेट लीसारख्या प्रसिद्ध अभिनेत्रीने साकारलेली नायिका चित्रपटाच्या पूर्वार्धातच मारली जाईल, अशी कल्पना १९६० च्या प्रेक्षकाला असणे शक्य नव्हते. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, हा हिचकॉकचा दंडक त्या धक्क्याच्या रक्षणासाठीच होता. हान्स रॉबर्ट याउसच्या परिभाषेत बोलायचे तर त्या प्रसंगाचे सामर्थ्य अपेक्षांच्या क्षितिजाचा भंग करण्यात होते. पुढे त्या भंगाचाच संकेत बनला आणि तो भंग नव्या क्षितिजाचा भाग झाला. दुसऱ्या प्रसंगात मात्र प्रेक्षकापासून त्या घटकेला लागणारे काहीही लपविलेले नाही. मोटारीत काय आहे हे त्याला ठाऊक आहे. इतकेच नव्हे, नॉर्मनने नकळत मोटारीत टाकलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत चोरीचे चाळीस हजार डॉलर आहेत, हेही त्याला ठाऊक आहे आणि नॉर्मनला नाही. येथील ताण अज्ञानातून निर्माण होत नाही. तो जाणण्यातून निर्माण होतो.

हा भेद हिचकॉकने स्वतः वारंवार मांडला आहे. फ्रान्स्वा त्रुफोने १९६२ मध्ये घेतलेल्या दीर्घ मुलाखतीत त्याने दिलेला टेबलाखालच्या बाँबचा दाखला सुपरिचित आहे. प्रेक्षकाला कल्पना नसताना बाँब फुटला तर पंधरा सेकंदांचे आश्चर्य मिळते. तो तेथे आहे हे आधी सांगितले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. त्झ्वेतान तोदोरोवने १९६६ च्या आपल्या निबंधात जवळजवळ हाच भेद कथनाच्या दिशेच्या अंगाने केला आहे. कुतूहल परिणामाकडून कारणाकडे जाते. उत्कंठा कारणाकडून परिणामाकडे. 'रहस्यपट' या आपल्या संज्ञेने या दोन भिन्न व्यापारांना एकाच नावाखाली कोंबले आणि टिकाऊपणाचा प्रश्न विनाकारण गुंतागुंतीचा करून ठेवला.

हे लक्षात घेतले म्हणजे कोणते चित्रपट झिजतात याचे काहीसे नेमके उत्तर देता येते. आंरी-जॉर्ज क्लूझोच्या 'ले दियाबोलिक' (१९५५) या चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षकांनी शेवट इतरांना सांगू नये, अशी विनंती पडद्यावर येते. ही विनंती म्हणजे आपल्या मर्यादेची कबुलीच होय. त्या शेवटाची इतकी अनुकरणे झाली आहेत की आजचा सरावलेला प्रेक्षक तो अर्ध्या वाटेवरच ओळखतो. याच दिग्दर्शकाच्या 'वेजेस ऑफ फिअर' (१९५३) या चित्रपटात रहस्य म्हणून काहीच नाही. चार माणसे नायट्रोग्लिसरीनने भरलेले दोन ट्रक खराब रस्त्यावरून नेत आहेत, आणि हादरा बसला तर काय होईल हे पहिल्यापासून सर्वांना माहीत आहे. ट्रक निघण्यापूर्वी जवळजवळ तासभर चित्रपट त्या उदास, कामधंदा नसलेल्या गावात रेंगाळतो. आजच्या विद्यार्थ्यांचा संथपणाचा आक्षेप नेमका याच भागावर असतो, आणि त्यात तथ्य आहे. परंतु ही माणसे असे काम का पत्करतात, हे त्या तासाभरात कळलेले नसेल तर पुढील प्रत्येक वळण केवळ यांत्रिक करामत ठरेल. संथपणा हा येथे दोष नसून प्रेक्षकाला जाणता करण्याची ती किंमत आहे. ती किंमत देण्याची तयारी आज कमी झाली आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि त्याचा अर्थ चित्रपट संपला असा होत नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. 'रिअर विंडो' (१९५४) मधील जेफरीज पाय प्लॅस्टरमध्ये घालून खिडकीशी बसला आहे. समोरच्या घरात शिरलेल्या लिसाला, थॉरवाल्ड परत येतो आहे, हे तो सांगू शकत नाही. आज तिच्या हाती मोबाइल असता, असे विद्यार्थी म्हणतात. हा आक्षेप घटनेच्या पातळीवर खरा आणि रचनेच्या पातळीवर अपुरा आहे. कॅमेरा जवळजवळ सारा वेळ जेफरीजच्या खोलीतच राहतो. त्यामुळे पाहणे शक्य आणि कृती अशक्य ही त्याची अवस्था हीच प्रेक्षकाची अवस्था होते. मग लिसा आपल्या बोटातील, थॉरवाल्डच्या पत्नीची अंगठी पाठीमागे हात करून खुणेने दाखविते. थॉरवाल्ड ती खूण टिपतो आणि नजर उचलून थेट आपल्याकडे पाहतो. इतका वेळ सुरक्षितपणे पाहणारा प्रेक्षक या एका नजरेने पकडला जातो. दिवसभर लहानमोठ्या पडद्यांवर इतरांची आयुष्ये न्याहाळणाऱ्या आजच्या माणसाला ही नजर चुकविणे १९५४ च्या प्रेक्षकापेक्षा अधिक अवघड जावे.

प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक जाणता करण्याची ही युक्ती चित्रपटाने शोधलेली नाही, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत नसलेला दुर्वासांचा शाप कालिदासाने आणला, आणि तो शकुंतलेच्या कानी पडू दिला नाही. चौथ्या अंकापासून प्रेक्षक आणि सख्या जाणतात. ती जाणत नाही. पाचव्या अंकात ती राजाला दाखविण्यासाठी अंगठी शोधू लागते तेव्हा प्रेक्षकाची जी अवस्था होते ती शेवट ठाऊक नसल्यामुळे होत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये पाहावयास आलेल्या मराठी प्रेक्षकालाही कथा पूर्ण परिचयाची होती. निष्पत्ती माहीत असूनही उत्कंठा कशी टिकते, या कोड्याची नोएल कॅरलसारख्या तत्त्वचिंतकांनी १९९० च्या दशकात तपशीलवार चर्चा केली. आपल्या नाट्यपरंपरेला मात्र हे कोडे कधी फारसे सतावणारे नव्हते. कारण तिने अज्ञानाला आस्वादाची अट मानलेच नव्हते.

या भूमिकेची खरी कसोटी 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटात लागते. ब्वालो आणि नार्सजाक यांच्या मूळ कादंबरीत दोन स्त्रिया वस्तुतः एकच, हा उलगडा शेवटी होतो. हिचकॉकने तो चित्रपटाचा बराच भाग शिल्लक असताना प्रेक्षकाला करून दिला आणि नायकाला अंधारात ठेवले. रहस्यपटाच्या प्रचलित व्याख्येनुसार ही आत्मघातकी कृती होती, आणि तत्कालीन समीक्षेने चित्रपटाचे संमिश्र स्वागत केले. परंतु या उलगड्यामुळेच पुढील भाग वेगळा होतो. स्कॉटी ज्युडीला कपडे, केस, चालणे बदलावयास लावून मृत मॅडलिन घडवू पाहतो, तेव्हा त्याचा ध्यास आणि तिचे भय या दोन्ही गोष्टी प्रेक्षक एकाच वेळी पाहतो. दुसऱ्यांदा पाहताना तर पूर्वार्धही पालटतो; कारण आता आपण मॅडलिनला पाहत नसतो, मॅडलिनची भूमिका करता करता त्यात अडकत जाणाऱ्या ज्युडीला पाहत असतो. ब्रिटिश 'साइट अँड साउंड' नियतकालिकाच्या समीक्षक-कौलात १९६२ पासून अग्रस्थानी असलेल्या 'सिटिझन केन'ला मागे सारून २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' पहिला आला, आणि २०२२ मध्ये तो दुसरा राहिला. कौल म्हणजे प्रमाण नव्हे. तरीही रहस्य लवकर उघड करणारा चित्रपट काळाबरोबर चढत गेला, ही बाब सूचक आहे.

लॉरा मल्व्हीने १९७५ च्या निबंधात 'रिअर विंडो' आणि 'व्हर्टिगो' यांतील दृष्टी ही पुरुषाची नियंत्रक दृष्टी असल्याचे दाखविले. या आक्षेपाला बगल देता येत नाही, देऊही नये. परंतु 'व्हर्टिगो'त उलगड्यानंतर प्रेक्षकाचे ज्ञान ज्युडीच्या बाजूला जाते आणि नियंत्रक दृष्टीच परीक्षेचा विषय बनते, असे या लेखकाला वाटते. नव्या जाणिवेने हा चित्रपट जुना केला नाही. तिने त्याला पूर्वी न मिळालेला प्रेक्षक दिला.

याचा अर्थ रचना काळातीत असते असा मात्र नव्हे. गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये 'सायको' रंगीत स्वरूपात, जवळजवळ दृश्यामागून दृश्य तसाच पुन्हा चित्रित केला, आणि तो फसला. टिकाऊपणा केवळ दृश्ययोजनेत असता तर असे घडते ना. बोर्हेसच्या कथेतील पिएर मेनार 'दोन किहोते' शब्दशः पुन्हा लिहितो आणि त्याचा अर्थ बदलतो; येथेही तसेच झाले. जुना 'सायको' पाहताना आपण त्याचे क्षितिजही सोबत उभे करतो. नवा चित्रपट मात्र आपल्याला ठाऊक असलेले ठाऊक नाही, असे मानावयास सांगतो. शिवाय अँथनी पर्किन्सचा पोरसवदा, अडखळता नॉर्मन दृश्यांच्या आराखड्यात उतरत नाही, आणि दलदलीकाठची आपली सहानुभूती जिंकलेली असते ती त्याने.

मूळ चित्रपटातही सारे टिकलेले नाही. शेवटी मनोविकारतज्ज्ञ नॉर्मनच्या मनाचा जो खुलासा करतो तो आज पाठ्यपुस्तकी आणि भाबडा वाटतो. पण त्यानंतर लगेच नॉर्मन एकटा भिंतीशी बसलेला दिसतो, आईचा आवाज ऐकू येतो, आणि आधीचा खुलासा तोकडा पडतो. उत्तर शिळे झाले. उत्तराला न जुमानणारा तो चेहरा झालेला नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे तर तिला लाज वाटली ती चित्रपटाने फसविल्याची नव्हती. सर्व काही ठाऊक असताना आपण कोणाच्या बाजूला उभे राहिलो, याची ती लाज होती. जे रहस्यपट प्रेक्षकाला केवळ अज्ञानी ठेवतात ते पहिल्या भेटीत संपतात, आणि त्यांना अभिजात म्हणून वर्गात मिरविण्यात अर्थ नाही. जे त्याला जाणता करतात आणि त्या जाणण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतात, ते दर वेळी नव्याने सुरू होतात. जुन्या चित्रपटाला विद्यार्थी हसले तर ते हसणे दडपू नये. ते कोठे थांबते एवढे मात्र लक्षपूर्वक पाहावे. समीक्षेचे काम तेथून सुरू होते.